पाणी पांढरं दिसतं

आधी धातू काढून ठेव, मी म्हणतो.
चमकी. केसांतले सात आकडे. कुर्त्याच्या काखेत सेफ्टी पिन,
ती तर तिच्या लक्षातही नव्हती.
दंडावरच्या ताईताला मी कात्री लावतो तेव्हा बाप दोनदा म्हणतो,
दोरा तोडू नका, गाठ सोडा.
मी गाठ सोडतो. पाच मिनिटं जातात.
बाहेर आठ जण थांबलेत.

दमयंती कोळी, वय एकोणीस, उजवा गुडघा.
चिठ्ठीवर एवढंच.
बाकीचं बाप सांगतो. दोंडाईचाचं मैदान, शेवटची चढाई,
पाय जागेवर रोवलेला आणि अंग वळलं.
आत काहीतरी तुटल्याचा आवाज
तिच्याआधी समोरच्या पोरीने ऐकला.
दिवेलागणीला गुडघा भोपळ्याएवढा.
एक्स-रेवाला म्हणाला, हाड चांगलं आहे.
मग एरंडाची पानं, मग एका जाणत्याचं चोळणं,
मग तीन आठवडे पायऱ्या बसून बसून उतरणं,
कारण उभं राहिलं की पाय आपला राहत नाही.

बाप मिरचीच्या मार्केटात हमाल.
हातांच्या रेषांत लाल भुकटी,
तो जवळ आला की मला शिंक येते
आणि तो दर वेळी दोन पावलं मागे सरतो.
धुतलं तरी जात नाही साहेब, म्हणतो.

मशीन सुरू. वीस मिनिटं हलायचं नाही.
आवाज होईल, घाबरू नकोस, मी हेडफोनमधून सांगतो.
आतून उत्तर येतं,
आमच्या गल्लीत मसाल्याचा डंक आहे.

काचेच्या अलीकडे मी एकटा.
पडद्यावर गुडघा येऊ लागतो, चकत्या-चकत्यांनी,
बाहेरच्या कडेकडून आत, तीन-तीन मिलिमीटर.
हाड करडं. अस्थिबंध काळा दिसायला हवा,
मांडीच्या हाडापासून नडगीपर्यंत
तिरकी ताणलेली दोरी.
अकरावी चकती. बारावी. तेरावी.
दोरीच्या जागी धूर.
आणि पाणी. या चित्रांत पाणी पांढरं दिसतं,
नको तिथे असलं की फारच.

पण माझा हात थांबतो तो दुसरीकडेच.
मांडीच्या हाडावर, बाहेरच्या अंगाला, एक पांढुरका डाग.
नडगीच्या हाडावर, पार मागे, दुसरा.
चालताना, बसताना, पळताना
या दोन जागा समोरासमोर येत नाहीत कधी.
एकदाच आल्या. गुडघा निसटला,
हाडं एकमेकांवर आदळली,
आणि जागेवर परत जाऊन बसली, काही झालंच नाही अशी.
तीन आठवडे झाले, तो क्षण अजून ओला आहे.
तिला पडताना अख्ख्या मैदानाने पाहिलं.
आतून पाहणारा मी पहिला.

टेबल बाहेर सरकतं.
काय दिसलं?
रिपोर्ट उद्या. डॉक्टर सांगतील.
अकरा वर्षं हेच म्हणतोय,
म्हणताना चेहरा कुठे ठेवायचा तेही जमलंय आता.
भरतीची तारीख ती न विचारता सांगते.
आठशे मीटर.
मी आकडे मोजून देतो. सात.

बाप दारात.
साहेब, पोर आखो पयी का?

धुळ्यातच वाढलो मी. घरी आई अजून हेच बोलते.
अहिराणीत विचारलेल्याला
मराठीत उद्या म्हणायचं, तर जीभ जड होते.
उद्या, म्हणतो.

व्हीलचेअर त्याला नको.
तो खाली बसतो, खांदा पुढे करतो,
पोत्याखाली करतात तसा,
फक्त सावकाश.
उठताना त्याचे दोन्ही गुडघे असे वाजतात
की बाकावरचा पुढचा पेशंट मान वळवून बघतो.
त्या गुडघ्यांची चिठ्ठी कुणी लिहिलेली नाही.

ती गेल्यावर वाटी उचलली, तर तळाशी ताईत.
दोरा, आणि मीच सोडलेली ती गाठ.
मी जिन्याकडे धावतो, दोन-दोन पायऱ्या,
आणि मधल्या वळणावर कळतं
की आपण पळतो आहोत.